लग्नघरची हाऊजी

नारायण पेठेत राहणाऱ्यांना केळवण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लग्न ठरले की नातलग आणि शेजारी वधूला अथवा वराला एकेक दिवस आपल्या घरी जेवायला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, ऐपतीप्रमाणे आहेर करतात आणि तोंड गोड करून पाठवतात. त्या दिवसाचा खर्च लग्नघराचा नसतो, बोलावणाऱ्याचा असतो. पेठेत विखुरलेली आमची चारदोन ख्रिस्ती कुटुंबेही या प्रथेत केव्हाच सामावून गेली आहेत. मोदी गणपतीजवळच्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील मुलीला गेल्या वर्षी लग्नापूर्वी सात केळवणे झाली. एका घरच्या आजींनी तर, लग्न उपवासकाळात येत नाही ना, अशी चौकशीही आमच्याकडे केली होती!

ही मुलगी आणि तिचा नियोजित वर विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी आमच्याकडे येत असत. एके दिवशी त्यांनी एक निराळाच विचार मांडला. वराचा आतेभाऊ कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतात असतो. तिकडे लग्नाआधी काही आठवडे 'स्टॅग अँड डो' नावाची मेजवानी करतात. सभागृह घेऊन प्रवेशाची तिकिटे विकतात. येणारे खातात, पितात, नाचतात आणि खेळ खेळतात. बाटलीच्या जवळात जवळ दोन डॉलरचे नाणे फेकायचे, चिठ्ठी काढून जमलेल्या रकमेतील निम्मी विजेत्याला आणि निम्मी वधूवरांना द्यायची, वस्तूंचा लिलाव करायचा, असे ते खेळ. उरलेल्या पैशातून लग्नाचा खर्च निघतो. मॅनिटोबा प्रांतात अशाच मेजवानीला नुसते 'सोशल' म्हणतात. आतेभावाने खेळांची यादीच पाठवली होती. "फादर, वाड्याच्या चौकात असे काही केले तर चालेल का?" असे मुलीने विचारले.

हौस म्हणून तिने हे विचारले नव्हते. वडील वारलेले, आई एका खाणावळीत पोळ्या लाटणारी. ही स्वतः अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात कामाला. पतसंस्थेकडे पन्नास हजारांच्या कर्जाचा अर्ज करायचे ठरले होते. (आमच्या लग्नांतील तीन मजली केक आणि बँड यांच्याविषयी आम्ही या पानांवर पूर्वी लिहिले आहे; ते येथे पुन्हा उगाळत नाही.)

वाड्यातील ज्येष्ठांना ही कल्पना रुचली नाही. एक निवृत्त शिक्षक आम्हाला म्हणाले, "फादर, आमच्या पेठेत गणपतीची वर्गणी मागतात, लग्नाची कोणी मागत नाही." हाकेच्या अंतरावर केसरीवाडा असताना या वाक्याला उत्तर देणे कठीण होते. आमच्यातील गोव्याकडच्या एका वृद्ध बाईंनीही नाक मुरडले. त्यांच्याकडे लग्नाआधी घरातील मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची रीत होती. भिकाऱ्यांचे जेवण असे तिला सरळच म्हणत. ज्या दिवसांत द्यायचे, त्या दिवसांत घ्यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न.

तरीही हे सर्व नवे आणि परके आहे असे आम्हाला वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये पाहुण्यांनी पैसे देऊन साजरी करण्याची 'पेनी' लग्ने होत. तेथील चर्चने सतराव्या शतकात त्यांच्यावर डोळे वटारले, तरी १८१८ साली डेव्हिड विल्की या चित्रकाराला त्यांचे मोठे आनंदी चित्र काढता आलेच. तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या बाजूला 'मोय' नावाचे जेवण घालतात. पाहुणा जेवतो, पैसे देतो, आणि दिलेली रक्कम वहीत नोंदली जाते, कारण पुढे त्याच्या घरी ती भर घालून परत करायची असते. आपल्या आहेराची वही याहून फार वेगळी आहे काय? मांडवात कोपऱ्यात बसलेला तो गृहस्थ, त्याच्या हातातील पेन आणि मोठ्याने उच्चारलेला आकडा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. ज्याच्या खिशात एकवीसच रुपये आहेत, त्याला त्या रांगेत उभे राहताना काय वाटत असेल?

खेळाचा गुण नेमका येथे आहे. हाऊजीत सर्वांचे तिकीट एकाच किमतीचे असते आणि हरणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. लिलावात उलटे घडते. तेथे देणाऱ्याचे नाव आणि रक्कम दोन्ही पुकारली जातात, आणि गरीब पाहुणा खाली मान घालून बसतो. म्हणून त्या यादीतील लिलाव आम्ही पहिल्याच दिवशी खोडला.

हाऊजीचा इतिहास तर लग्नघराला लागूनच आहे. जिला आपण तंबोला म्हणतो, तिचे नाव इटलीतील 'टॉम्बोला' या शब्दावरून आले. तिचे नव्वद आकडे तेथील सरकारी सोडतीचे. नेपल्समध्ये १६८२ साली सुरू झालेल्या सोडतीत हे नव्वद आकडे नव्वद गरीब मुलींच्या नावांशी जोडलेले असत. पाच चिठ्ठ्या निघत आणि त्या पाच मुलींना लग्नासाठी हुंडा मिळे. (१९६१ च्या कायद्यानंतर आपल्याला हा शब्द योग्यच खटकतो, पण येथे तो निर्धन मुलीला मिळालेली मदत अशा अर्थाने घ्यावा.) लोक मात्र त्या नावांवर पैसे लावत. पाच घरांत दिवा लागे, पंच्याऐंशी मुली तशाच राहत, आणि पैसे लावणाऱ्या कित्येकांच्या चुली विझत. पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी या सोडतीवर कडक बंदी घातली. त्यांच्या मागून आलेल्या बाराव्या क्लेमेंट यांनी १७३१ साली ती पुन्हा सुरू केली, आणि रोममधील प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्याच्या खर्चाला तिच्या उत्पन्नाचा हातभार लागला. फादर ग्रेगोरिओ रोक्को या डॉमिनिकन संन्याशाने सोडतीविरुद्ध नेपल्सच्या राजाशी वाद घातला. राजाने १७३४ मध्ये नाताळापुरती ती थांबवली, आणि लोकांनी घरात बसून खेळण्यासाठी टॉम्बोला काढली, असे सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, फादरांच्या पदरी काय पडले हे पाहून आम्हाला हसू आल्यावाचून राहत नाही.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने दैवाधीन खेळांना मुळात अन्यायाचे म्हटलेले नाही. ज्या पैशावर माणसाचा वा त्याच्या घरच्यांचा निर्वाह चालतो तो पैसा त्यात जाऊ लागला, की ते त्याज्य ठरतात. हे डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हिशेब मांडला. साठ माणसे, वीस रुपयांचे तिकीट, पाच डाव : सहा हजार रुपये. निम्मे बक्षिसांत गेले की तीन हजार. त्यातून चहाफराळ वजा करावा. लक्ष्मी रस्त्यावर तेवढ्यात चांगला शालूही येणार नाही! रक्कम वाढवायची तर तिकीट शंभराचे करावे लागेल, आणि मग समोरच्या खोलीतील रिक्षाचालकाने खेळावे की नाही याचा विचार करावा लागेल. जो खेळ कोणाला दुखवत नाही त्याने लग्न निघत नाही, असे गणित हाती आले. शिवाय धर्मग्रामातील एका वकिलांनी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याची आठवण करून दिली. ओंटॅरिओतही सोडतीचा परवाना धर्मादाय कामालाच देतात, वधूवरांच्या खिशासाठी नाही. आतेभावाच्या यादीत हे कोठे लिहिले नव्हते.

गालीलातील काना येथील लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा ते प्रथम पवित्र मरियेच्या लक्षात आले. यजमानाला पाहुण्यांसमोर काही मागावे लागले नाही. सहा रांजण भरले गेले, आणि नवा द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या नोकरांना तेवढे ठाऊक होते. संत योहानाने हा तपशील मुद्दाम नोंदवून ठेवला आहे. आम्ही तो त्या दोघांना वाचून दाखवला आणि पुढचे त्यांच्यावर सोपवले.

त्यांनी हाऊजी ठेवली, पण तिकिटे फुकट वाटली. बक्षिसे शेजाऱ्यांनी घरातून आणली : साजूक तुपाची बरणी, स्टीलचे डबे, एक छत्री, मुलीच्या छापखान्याने पाच दिनदर्शिका दिल्या. फराळ केळवणवाल्या सात घरांनी वाटून घेतला. जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात एक बंद पेटी ठेवली होती. ज्याला वाटेल त्याने जाता-येता त्यात काही टाकावे, न वाटेल त्याने नुसते पाणी पिऊन यावे, कारण माठही तेथेच होता. निवृत्त शिक्षकांनी आकडे पुकारण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आणि प्रत्येक आकड्याला पाढ्यातील जोड दिली. पूर्ण घर रिक्षाचालकाच्या धाकट्या मुलाला लागले. त्याने छत्री निवडली.

पेटी त्या रात्री मुलीच्या आईने एकटीने उघडली. आत किती होते हे तिने कोणाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पतसंस्थेचे कर्ज घ्यावे लागलेच. अर्जावरचा पन्नासाचा आकडा मात्र खोडून तिने तेथे अठ्ठावीस लिहिले होते, एवढे आम्ही पाहिले, कारण जामीन म्हणून सही आमची होती.