पांढरा आठाचा, लाल सोळाचा

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत मला सगळ्यात जास्त कौतुक होतं ते तिच्या फ्यूज बॉक्सचं. झाकण काढलं की चिनी मातीचे जेमतेम इंचभर फ्यूज ओळीने दिसत. अंगावर धातूची उघडी पट्टी, दोन्ही टोकं पितळी क्लिपांत अडकवलेली. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. पावसाळ्यात क्लिपांवर हिरवट थर चढे आणि इंडिकेटर बंद पडे. वडील फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवत, की तो पुन्हा टकटकू लागे. निम्म्या गाड्यांचा ‘वायरिंगचा प्रॉब्लेम’ एवढाच असतो, हे तेव्हाच कळलं.

घरात किटकॅट फ्यूजमध्ये ते एकच पदर तार ओवायचे. शेजारचे काका तीन पदर पिळून घालत, म्हणजे पुन्हा उडायलाच नको! गाड्यांमध्ये हेच काम सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद करतो. फ्यूज दिव्यासाठी किंवा हॉर्नसाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. पण तो उडाला की राग त्याच्यावरच निघतो.

पुढे माझी मारुती आली. तिचे प्लॅस्टिकचे चपटे फ्यूज, त्यात लाल म्हणजे १०. जुना हिशेब डोक्यातून जायला वेळ लागला.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांची खरी खोड मात्र हेडलाइटची. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. हायवेच्या हौसेने १००चा लावला की आठाच्या वर जातो. आठाचा फ्यूज हे फार काळ सोसत नाही, मग कोणीतरी तिथे सोळाचा बसवतो. वायर तीच. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. वर स्विच वितळतो तो वेगळाच. इतका उजेड हवाच असेल तर रिले लावावा, जाड वायर बॅटरीवरून थेट घ्यावी आणि तिचा फ्यूज बॅटरीलगतच ठेवावा. तो दुसऱ्या टोकाला असला तर मधली सगळी वायर उघड्यावर.

कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली. आता वडिलांची पद्मिनी माझ्याकडे आहे. वायरचं प्लॅस्टिक कडक झालंय, वाकवलं की तडकतं. इंजिनकडून डॅशबोर्डकडे वायरी जातात त्या पत्र्याच्या भोकातलं रबरी ग्रोमेट मी दरवर्षी बघतो. ते झिजलं की पत्र्याची धार वायर सोलते. शिवाय चार्जिंग आणि इग्निशनच्या वायरींना या गाडीत फ्यूजच नाही. म्हणून बॅटरीवर कट-ऑफ स्विच बसवलाय, रात्री तो बंद करतो. सोसायटीत सगळ्यांना वाटतं, चोरांच्या भीतीने. वॉचमनला तर त्यात स्वतःचा अपमान वाटतो.