मामांची चाल

चालीवरून माणसाची परीक्षा करण्याची आपणां सर्वांस मोठी हौस असते. जो ताठ मानेनें चालतो तो स्वाभिमानी, जो मान खालीं घालून चालतो त्यानें कांहींतरी अपराध केलेला, आणि जो हळूहळू पाय टाकतो तो आळशी, असे निवाडे आपण रस्त्यानें जातां जातां देत असतों. आपल्या भाषेंत तर ‘चाल’ या शब्दाचे पाय टाकण्याची रीत आणि वागणूक असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळें हा निवाडा अधिकच सोपा होतो. आम्हींही तो एकदां दिला होता, आणि ज्यांच्याविषयीं दिला ते आमचे थोरले मामा होते. म्हणून ही हकीकत येथें सांगत आहों.

मामा लासलगांवचे. तेथील कांद्याच्या बाजारांत एका आडत्याकडे ते हिशेब लिहीत. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही त्यांच्याकडे राहावयास जात असूं. सकाळीं मामा बाजाराकडे निघाले कीं, आम्ही मुलें त्यांच्या मागें जात असूं आणि त्यांच्या चालण्याची नक्कल करीत असूं. पाठ वांकलेली, मान पुढें आलेली, गुडघे किंचित् मुडपलेले, पावलें आंखूड, हात जवळ जवळ न हालणारे. कोणी मागून हांक मारली तर मामा नुसती मान वळवीत नसत. सबंध अंगानिशीं वळत. तें पाहून आम्हांस हसूं आवरत नसे. मामा त्या वेळीं चाळिशीच्याही आंत होते, ही गोष्ट आमच्या ध्यानांतच आली नाहीं.

एके दिवशीं मामींनीं आमचा हा खेळ पाहिला. त्या रागावल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, “उद्यां पहांटें उठा, आणि तुमचे मामा अंथरुणांतून कसे उठतात तें पाहा, मग खुशाल नक्कल करा.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तें पाहिलें. चार वाजण्याच्या सुमारास दुखण्यानें मामांस जाग आली. ते प्रथम कुशीवर वळले, मग हातावर भार देऊन बसले, आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. पहिलीं पावलें चालावयास शिकणाऱ्या मुलासारखीं पडलीं. नंतर ते अंगणांत फेऱ्या घालूं लागले. तास दीड तास गेला, आणि हळूहळू त्यांचें पाऊल लांब पडूं लागलें. इतर दुखणीं विश्रांतीनें हटतात. हें मात्र चालण्यानें हटत होतें. ज्यांस आम्ही मंद चालणारे म्हणून हसत होतों, ते गांव जागा होण्यापूर्वींच आमच्या दिवसभराच्या चालण्याहून अधिक चालत होते.

‘कंबरेंत वात धरला आहे, पडून राहा,’ असाच सल्ला त्यांस पुष्कळ वर्षें मिळत होता. आणि पडून राहिलें कीं पाठ अधिकच आंखडत होती. पुढें नाशिकच्या एका डॉक्टरांनीं दुखणें ओळखलें. त्याचें नांव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. रशियांत बेख्तेरेव, जर्मनींत श्ट्रुम्पेल व फ्रान्सांत पिएर मारी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें वर्णन केलें. हें बहुधा ऐन तारुण्यांत सुरू होतें. कण्याचें मूळ आणि कटीचीं हाडें जेथें मिळतात तेथील सांध्यांस प्रथम सूज येते. ती पुढें मणक्यांकडे सरकते, आणि कांहीं जणांत वर्षांनुवर्षें नवें हाड वाढून मणके एकमेकांस जोडले जातात. एच्‌एल्‌ए-बी२७ या आनुवंशिक खुणेशीं या रोगाचा निकट संबंध आहे, हें १९७३ सालीं उघडकीस आलें; तथापि ती खूण असलेल्या बहुतेकांस हा रोग होतही नाहीं.

हें समजल्यावर आमच्या नकलेंतील एकेका गोष्टीचा उलगडा झाला. पाठ वांकली म्हणजे शरीराचा भार पुढें जातो. तोल राखण्यासाठीं गुडघे मुडपावे लागतात. खुब्याचे सांधे आंखडले म्हणजे पाय मागें पुरता जात नाहीं. म्हणून पाऊल आंखूड पडतें. धड आणि कंबर एकाच ठोकळ्याप्रमाणें वळतात. म्हणून हात हालत नाहींत. ज्यास आम्ही विचित्रपणा समजत होतों, ती न पडतां पुढें जाण्याची युक्ति होती.

इंग्लंडांतील बाथ येथील वैद्यांनीं १९९४ सालीं अशा रोग्यांसाठीं दहा प्रश्न ठरविले. मोजे घालतां येतात काय, जमिनीवर पडलेली लेखणी वांकून उचलतां येते काय, दहा मिनिटें आधाराशिवाय उभें राहतां येतें काय, कठड्यास हात न लावतां बारा पंधरा पायऱ्या चढतां येतात काय, अंग न वळवितां मागें पाहतां येतें काय, अशा प्रकारचे ते आहेत. आम्हीं ते मोठेपणीं मामांस वाचून दाखविले. मामा हंसून म्हणाले, “यांत पंगतींत मांडी घालून बसण्याचा प्रश्न नाहीं. आणि माझा मुख्य प्रश्न तर नाहींच : समोरून येणाऱ्याचें तोंड दिसतें काय? बाजारांतलीं माणसें मी त्यांच्या वहाणांवरून ओळखतों.” मग थोडें थांबून म्हणाले, “सकाळीं ऊन पाठीवर असे, बाळ. तुमच्या सांवल्या माझ्या पुढें पडत.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एवढीं वर्षें ते हें जाणून होते, आणि तरीही दर सुटींत आम्हांस आंबे आणून देत होते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत अठरा वर्षें वांकून गेलेल्या एका स्त्रीची कथा आहे. तिला मुळींच ताठ उभें राहतां येत नव्हतें. तिचा रोग हाच असावा असा तर्क कांहीं वैद्यांनींही केला आहे. प्रभूनें तिला बरें करण्यापूर्वीं प्रथम तिच्याकडे पाहिलें आणि तिला जवळ बोलाविलें. बरें करणें आपल्या हातीं नाहीं, पाहणें आहे.

बालमित्रांनो, ज्यांची पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते, सकाळीं अर्धा तासाहून अधिक वेळ आंखडलेली राहते, आणि विश्रांतीनें नव्हे तर हालचालीनें मोकळी होते, त्यांनीं डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. रोग समूळ जात नाहीं. परंतु नित्य व्यायाम, सूज उतरविणारीं औषधें, आणि तीं पुरेशीं न पडल्यास हल्लीं निघालेलीं नवीं इंजेक्शनें, यांनीं पुष्कळांचें चालणें सुकर झालें आहे. मामांच्या तरुणपणीं हें इतकें नव्हतें.

मामा आतां सत्तरीच्या पुढें गेले आहेत, आणि अजूनही पहांटें अंगणांत फेऱ्या घालतात. लासलगांवीं गेलों म्हणजे आम्ही त्यांच्या मागून चालत नाहीं. त्यांच्या पावलाशीं पाऊल जुळवून बरोबर चालतों. आणि नमस्कार करतांना त्यांच्या पायांशीं वांकलों कीं घटकाभर तसेच बसून वर पाहतों. म्हणजे त्यांस आमचें तोंड दिसतें.