शेवाळलेला खडक आणि बुटाचा तळ

नदीतल्या शेवाळलेल्या गोट्यांवर रबरी तळाचे बूट सर्रास सटकतात. फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांच्या जाड कापडाचा तळ दगडाच्या खाचाखोचांत दबून बसतो, म्हणून ट्राउट मासेमारीत तो वर्षानुवर्षं चालला. पण फेल्ट लवकर सुकत नाही, आणि त्याच्या ओल्या धाग्यांतून डिडिमो हे शैवाल एका नदीतून दुसऱ्या नदीत पोचतं. न्यूझीलंडमध्ये ते २००४ साली सापडलं. २००८ मध्ये तिथे फेल्टच्या तळांवर बंदी आली. ठीकच झालं.

आता रबरी तळात टंगस्टन कार्बाइडचे खिळे स्क्रूसारखे फिरवून बसवतात. ते टाचेच्या आणि चवड्याच्या कडेला हवेत. मधोमध बसवलेले फारसे कामी येत नाहीत. गुळगुळीत, टणक खडकावर मात्र तेही घसरतात, वर खडखडाटाने मासे बुजतात. तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या: मऊ धातू खडकावर घासत पकड घेतो. झिजतात लवकर, म्हणून त्या बदलाव्या लागतात.