भावंडाची मज्जा

रक्ताचा कर्करोग जडलेले मूल घेऊन आपल्या निपाणी-बेळगावाकडील आईबाप परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. तेथेच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. रोगट मज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे सोडावयाच्या, अशी ही रीत. पण नवल पाहा! मूत्रपिंड रोपिले तर शरीर त्या पाहुण्यास हाकलू पाहते. येथे पाहुण्या पेशीच यजमानाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात. म्हणून प्रथम सख्खे भावंड जुळते का, ते पाहतात. दर भावंडामागे संभव चारांत एक. तथापि हे वैर सर्वस्वी वाईट नव्हे. उरल्यासुरल्या कर्कपेशींनाही तेच हुडकून मारते. तेव्हा धाकट्याचे रक्त तपासावयास मागितले तर भिऊ नका. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.