वस्तूंची सुट्टी

वादळ ओसरल्यावर मामा आधी वाडीत गेला. मी अंगणातच उभा राहिलो.

३ जून २०२०. ‘निसर्ग’ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, आणि आम्ही माजघरात भिंतीला पाठ लावून डोक्यावरची कौलं जाताना नुसती ऐकत बसलो होतो. मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून आजोळी आलो, तो टाळेबंदीत तिथेच अडकलो होतो. आता वारा पडला होता, पावसाची बुरबुर चालू होती आणि पडवीतलं, माळ्यावरचं सामान अंगणात येऊन पडलं होतं.

पण ढीग नव्हता. वाऱ्याने एकेक वस्तू वेगळी नेऊन ठेवली होती. तुळशीपाशी छत्री, उलटी, काड्या आभाळाकडे. तिच्यापासून सात-आठ हातांवर गजराचं घड्याळ, पाठीवर. त्या दोघांच्या मध्ये काही नाही. पाण्याने धुऊन निघालेली तांबडी जमीन. पलीकडे पोफळीची एक विरी, आणि तिच्याही पलीकडे दोऱ्यात ओवलेली एक जुनी किल्ली. छत्री पाऊस अडवत नव्हती. घड्याळ वेळ सांगत नव्हतं. प्रत्येक वस्तू आपापल्या कामावरून सुटली होती आणि म्हणूनच की काय, पहिल्यांदा नीट दिसत होती.

मला चित्रकार प्रभाकर बरवे आठवले.

“बघत काय बसलायस?” मामा वाडीतून येता येता ओरडला. “कौलं गोळा कर आधी. पाऊस थांबणाराय का तुझ्यासाठी?”

त्याचं बरोबरच होतं. दीडशेच्या वर पोफळी आडव्या झाल्या होत्या. लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. अशा वेळी छत्रीतलं सौंदर्य बघणाऱ्या भाच्याला चार शिव्या पडल्या नाहीत, हे त्याचं मोठेपण.

बरवे याच किनाऱ्याचे. अलिबागच्या दक्षिणेला नागाव आहे, तिथे १९३६ साली त्यांचा जन्म झाला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर त्यांच्या नात्यातले. करमरकरांचं सासवणे अलिबागच्या उत्तरेला, मांडव्याच्या वाटेवर. त्यांच्या राहत्या घराचं आता संग्रहालय झालं आहे आणि लोक तिथे हमखास जातात. नागावला लोक जातात ते समुद्रासाठी. एकदा मीही मुद्दाम गेलो होतो, बरव्यांच्या चित्रांतलं काही सापडतं का बघायला. नारळ-पोफळींच्या वाड्या, दुतर्फा कुंपणं, मधून जाणारी अरुंद वाट, टोकाला पुळण. चित्रांतलं काहीच सापडलं नाही. सापडायला हवं होतं असंही नाही. चित्रकाराच्या गावाला जाऊन त्याच्या चित्रांचा उगम शोधणं म्हणजे पुळणीवर उभं राहून भरतीचा पत्ता विचारणं.

करमरकर आणि बरवे यांच्यातला फरक कळला तो सासवण्याला. करमरकरांची शिल्पं आपल्याला लगेच ओळख देतात. माणूस दचकतो, ‘अगदी जिवंत!’ म्हणतो आणि सुखावतो. त्यांच्या हातात सिमेंटसुद्धा कातडी होऊन, लुगडं होऊन राबतं. बरव्यांच्या चित्रासमोर मात्र ओळख पटते आणि तिथेच अडचण सुरू होते. हे पान आहे, ही टाचणी, हे घड्याळ, हा ढग. सगळं नावानिशी ओळखता येतं, पण एकाचं दुसऱ्याशी नातं काय ते कोणी सांगत नाही. वस्तू सपाट, शांत रंगाच्या पटावर एकमेकींपासून अंतर राखून असतात. सावली असलीच तर ती वस्तूशी इमान राखेलच असं नाही. आणि रंग बहुधा इनॅमलचा, आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच. तोही बिचारा दाराच्या नोकरीतून सुटलेला.

हे ‘नोकरीतून सुटणं’ मी उगाच म्हणत नाही. बरवे स्वतः वीसेक वर्षं नोकरदार होते. १९५९ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण संपलं आणि पुढे ते विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागाला नवी नक्षीकामं मिळावीत म्हणून पुपुल जयकरांच्या पुढाकाराने ही केंद्रं सुरू झाली होती आणि तिथे पगारावर कोण कोण होतं! के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जोगेन चौधुरी, अर्पिता सिंग. आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मोठा तुकडा सरकारी हजेरीपटावर सही करत होता. बरव्यांची पहिली काही वर्षं बनारसला गेली. तिथे तंत्रमार्गातल्या आकृत्यांनी त्यांना ओढून घेतलं. त्या काळातल्या चित्रांवर ती छाप स्पष्ट आहे. पुढे ते मुंबईला आले आणि हळूहळू ती चिन्हं गळून पडली. उरल्या त्या साध्या वस्तू. चित्रकाराच्या चरित्रात बनारस म्हटलं की तंत्राबद्दल लिहिलं जातं. माझं मन मात्र तिथल्या चौकटीच्या कागदावर अडतं.

कापडावरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. उभे चौकोन ताण्याचे, आडवे बाण्याचे. फूल हवं तिथले चौकोन रंगवायचे, बाकीचे कोरे. कागदावर कोरा चौकोन फुकट मिळतो, मागावर नाही. फुलाभोवतीची रिकामी जागाही विणकराला धागा धागा विणावी लागते. तिच्यासाठी तितकाच धोटा फेकावा लागतो, तितकंच पाऊल दाबावं लागतं. साडीत बुट्टे मोजके असतात, बाकी सगळी मोकळी जमीन. पण ती जमीन विरली तर बुट्टे जाणार कुठे?

हे बरव्यांनी कुठे असं म्हटलंय म्हणून मी सांगत नाही. मला आपलं वाटतं. ज्या माणसाने दिवसभर असे कागद बघितले, त्याला रिकामी जागा कधीच रिकामी दिसली नसेल. त्यांच्या पटावर दोन वस्तूंमधलं अंतर ‘उरलेलं’ वाटत नाही. ते घातलेलं असतं. १९९० साली त्यांचं मराठी पुस्तक आलं, त्याचं नाव ‘कोरा कॅनव्हास’. चित्रकार चित्रांबद्दल लिहितो तेव्हा बहुतेक वेळा रंगवलेल्याबद्दल लिहितो. यांनी नाव दिलं ते न रंगवलेल्याला. शिवाय आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या. चित्र सुचण्याआधीची हालचाल, एखाद्या आकाराचा पाठलाग, बारीक रेखाटनं. १९९५ च्या डिसेंबरात, साठीही गाठायच्या आत, ते गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. नावात पुन्हा रिकामेपणच.

आपल्याकडे चित्र बघताना पहिला प्रश्न ठरलेला: याचा अर्थ काय? म्हणजे, हे कशासाठी? नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तसा. बरव्यांची चित्रं या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, याचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, त्या वस्तू सुट्टीवर आहेत आणि सुट्टीवरच्या माणसाला आपण कामाचं विचारतोय. पण सुट्टीला गोडी येते ती कामामुळेच. ज्याने वीस वर्षं कापडाला उपयोगी पडेल अशी रेघ काढली, त्यालाच निरुपयोगी रेघेची किंमत कळली असणार. नुसता रिकामटेकडा असता तर त्याची टाचणी एवढी हलकी झाली नसती.

त्या संध्याकाळी मी कौलं गोळा केली. धड असलेली एका बाजूला, फुटकी एका बाजूला. पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती. मामाने एकेक वस्तू परत कामाला लावली. छत्रीच्या काड्या तारेने बांधल्या. घड्याळ तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवलं, ते चाललं नाही. मग त्याची काच चिमणीशेजारी आडोशाला लागली. विरी चुलीत गेली. किल्ली घेऊन मात्र तो घरभर फिरला. दोन्ही पेट्या, देवघराची फडताळं, न्हाणीघराचं दार, शेजारच्यांचं कुलूपसुद्धा. कुठेच लागेना.

“टाकून देऊ?” मी विचारलं.

मामाने किल्ली तळहातावर घेतली. उजेडात धरली, उलटी केली, दात्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. कौलांची घाई असलेला माणूस तोच होता.

“राहू दे,” तो म्हणाला. “खातेय काय आपलं?”

ओटीवरच्या मोकळ्या भिंतीत त्याने एक खिळा ठोकला आणि ती एकटीच लटकवली. छप्पर नवं झालं, भिंतीला दोनदा रंग लागला. किल्ली अजून तिथेच आहे. शेजारी कॅलेंडर लावू का, असं मामीने एकदा विचारलं होतं. मामा नको म्हणाला.