जखमेची भाषा

'त्वचा तरुण करणारे यंत्र' ही शब्दरचनाच मला फसवी वाटते. यंत्र त्वचेला तरुण करीत नाही. ते तिला मोजूनमापून जखम करते. पुढचे सारे काम त्वचा स्वतःच करते. जाहिरातींत हे क्वचितच सांगितले जाते, पण या शास्त्राचा गाभा हाच आहे.

प्रकाशाची तरंगलांबी आणि स्पंदाचा कालावधी नीट निवडला, तर शेजारच्या ऊतींना फारशी झळ न लागता नेमके लक्ष्य तापवता येते, हे रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडले. 2004 मध्ये मॅनस्टाइन, अँडरसन व सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले: अख्खा चेहरा सोलण्याऐवजी केसाच्या जाडीचे, साधारण 100 मायक्रॉन रुंदीचे स्तंभ त्वचेत भाजायचे आणि त्यांच्या मधली त्वचा शाबूत राखायची. मला या कल्पनेत मोलाची वाटते ती ही राखलेली जागा. जखम भरून येते ती तिथूनच.

पोळलेल्या पेशी शेजाऱ्यांना रासायनिक निरोप धाडतात. 'टीजीएफ-बीटा' हा त्यांतला एक. तो पोचला की फायब्रोब्लास्ट पेशी नवे कोलॅजेन विणू लागतात आणि ते काम कित्येक महिने चालते. गंमत अशी, की वार्धक्यही संवादाचाच प्रकार आहे. विभाजन थांबलेल्या जुन्या पेशी अबोल होत नाहीत; त्या दाह वाढवणारे आणि कोलॅजेन तोडणारे निरोप सोडत राहतात. म्हणजे उपचार होतो तो एका चालू असलेल्या संभाषणात दुसरा विषय काढण्याचा.

माझ्या थोरल्या बहिणीने मुलाच्या लग्नाआधी असा उपचार घेण्याचे मनात आणले, तेव्हा हे सारे माझ्यासाठी पुस्तकी राहिले नाही. तिच्या मनगटावर तेल उडून पडलेला डाग कितीतरी वर्षे काळाच आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक. तिला उष्णतेचा निरोप मिळाला, की कोलॅजेनसोबत काळे डागही उमटू शकतात. मी तो डाग तिला दाखवला आणि डॉक्टरांनाही दाखव, असे सुचवले. ती म्हणाली, "अरे, मला तरुण नाही दिसायचं. दमलेली दिसायचं नाही, एवढंच." या वाक्यापुढे माझा सगळा उपदेश थिटा पडला. तिने उपचार लग्नानंतरवर ढकलला. सोडला मात्र नाही.

लेसरनंतर चेहऱ्यावर 'एक्सोसोम' लावण्याचीही टूम आहे. पेशी परस्परांना धाडतात ती ही अतिसूक्ष्म पाकिटे. पेशींच्या आतील अशा वाहतुकीच्या शोधाला 2013 चे नोबेल मिळाले, हे खरे. पण मान्यताप्राप्त असे एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये दिला होता. पत्र कोणी लिहिले आणि आत काय आहे, हे ठाऊक नसताना ते शरीराच्या हाती देणे मला धाडसाचे वाटते.

उरतो तो एक विचार. भरून येण्याची ही क्षमताही वयासोबत मंदावते. यंत्र कितीही अचूक झाले, तरी त्याला उत्तर द्यायला आत कोणीतरी जागे असावे लागते. आपण ज्याला तारुण्य म्हणतो, ते कदाचित सुरकुत्यांचा अभाव नसून हे उत्तर देण्याचे सामर्थ्य असावे.