रेडीमनी

पुणे

चि. अनुजास,

आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या इमारतीसाठी ५०,००० रुपये देणाऱ्या गृहस्थांचे आडनाव ‘रेडीमनी’ होते, हे वाचून तुला ती इंग्रजांनी केलेली थट्टा वाटली. मला ते पटत नाही. नवसारीहून मुंबईत आलेल्या या पारशी घराण्यातले हिरजी जीवनजी आणि त्यांचे भाऊ अठराव्या शतकात चीनच्या व्यापारात होते. तेव्हा बाजार उधारीवर आणि हुंड्यांवर चाले. जहाज परत येईपर्यंत पैसा महिनोन्‌महिने अडकून पडे. अशा बाजारात मागताक्षणी रोकड मोजून देणारे विरळाच. कंपनी सरकारलाही त्यांच्याकडून कर्ज मिळे, आणि त्यावरूनच हे नाव पडले. थट्टेचे नाव कोणीही लवकरात लवकर टाकून देईल. या घराने ते पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने लावले.

इंग्रजी शब्द आडनावात आला म्हणजे गुलामी आली, असेही तू म्हणशील. मग आपल्या फडणीस, पारसनीस, पोतनीसांचे काय करायचे? नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू. कारभाराच्या फारसी नावाने घराण्याचे नावच झाकून टाकले. पुण्यात दरबाराची भाषा आडनावांत उतरली, तशी मुंबईत बंदराची. कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर ही पारशी आडनावेही त्याच वाटेने आली. याहून गंभीर आक्षेप पैशाच्या उगमाचा आहे. चीनच्या त्या व्यापारात पुढे अफूचा वाटा फार मोठा झाला, आणि मुंबईच्या दानशूर घराण्यांबद्दल बोलताना ते लपवू नये असे माझे ठाम मत आहे. पण हे आडनाव त्या पैशाला पवित्र ठरवत नाही. बाजारात त्या घराची पत काय होती, एवढेच ते नोंदवते.

हे आडनाव या घराण्यातून नाहीसे का झाले, हेही समजून घे. कॉलेजला देणगी देणारे ते गृहस्थ, सर कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–१८७८), यांनी मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहासाठीही लाखाची देणगी दिली. अशा दानांमुळे त्यांचे स्वतःचे नाव घराण्याच्या आडनावापेक्षा मोठे झाले. वारसाला १९०८ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला, तो ‘कावसजी जहांगीर’ याच नावाने, आणि पुढच्या पिढ्यांनी तेच चालवले. पुणे स्टेशनजवळच्या जहांगीर हॉस्पिटलच्या नावात हेच घराणे आहे. रेडीमनी मात्र तिथे कुठेच नाही.

तुझा
काका